मामाच्या हातचा पहिला घास

माझी मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा मी भावाला पत्र टाकलं, भाचीचं उष्टावण करायला ये. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामानेच भरवायचा, त्याआधी भाताचं शीतसुद्धा पोटात जाऊ द्यायचं नाही. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं, त्यामुळे साताऱ्याचं दार बंद. म्हटलं, राग असेल तो माझ्यावर, या चिमुरडीवर कशाला असेल?

सानपाड्यातली आमची बिल्डिंग तेव्हा निम्मी रिकामी होती. नवरा सकाळीच तळोज्याला कारखान्यात जायचा, मग दिवसभर मी आणि ती. जिन्यात पावलं वाजली की मी दार उघडायची. बहुतेकदा कुणीतरी भाड्याने खोली बघायला आलेलं असायचं. इतकं एकटं वाटायचं की त्या अनोळखी लोकांनाही चहा विचारावासा वाटे.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. सातवा हुकला, म्हणून मी नवव्यावर ढकललं. नवरा म्हणाला, अगं, मऊ भात तरी दे, काय होतंय? त्याच्यावर अशी उखडले की तो चप्पल घालून खालीच निघून गेला. माहेरचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, तेही सोडू? डोकंच फिरलं होतं माझं.

नववाही सरत आला. उत्तर नाही, भाऊ नाही. गोवराच्या लसीसाठी तिला दवाखान्यात नेलं. कार्डावरची वजनाची रेघ तीन महिने सपाट, हातपाय काटकुळे. नर्सबाईंनी विचारलं, काय खायला देतेस? अंगावरचं दूध, म्हटलं, आणि भावाचं सगळं सांगून टाकलं. इतक्या दिवसांत कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्यांनी कार्ड मिटून माझ्या हातात दिलं.

"मामा यायचा तेव्हा येईल, पण पोरीला भूक आज लागलीय. दूध पाजत राहा, आणि घरी जाऊन हिला घट्ट वरणभात कुस्करून भरव."

घरी येऊन मऊ भात शिजवला, वरणात कुस्करला, वर तूप घातलं. चमचा पुढे नेला तर तिने आधीच आ केला. छोटी वाटी संपली तरी ती रडून मागत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेले दोन महिने मी जेवायला बसले की ती समोर बसून माझा प्रत्येक घास तोंडापर्यंत जाताना बघायची, हूं की चूं न करता. आणि मी तिची दृष्ट काढायचे. म्हणायचे, किती गुणाची गं माझी बाय, आईला सुखानं जेवू देते.