आधी शेवटची नोंद विचारा

हॉस्पिटलच्या तळघरातल्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे वकीलबाई म्हणत. कायद्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता, पण दूरच्या शहरात ठेवलेल्या सर्व्हरची ती रोज सकाळी उलटतपासणी घ्यायची. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि कनेक्शन लागलं की पहिला प्रश्न ठरलेला: तुझ्याकडची शेवटची नोंद कधीची? नवऱ्याचा फोन आला तरी ही आधी कुठून बोलताय विचारते, असं तिची जाऊ सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी दहाला पेशंटच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. वर ऑपरेशनची तयारी चालली होती. पेशंट बाई बेशुद्ध, आणणारे शेजारी, त्यांना नावापलीकडे काही ठाऊक नाही. हिला कुठलं औषध चालत नाही का, एवढंच भूल देणाऱ्या डॉक्टरांना हवं होतं.

वकीलबाईने कमांड दिली. बराच वेळ ताटकळत ठेवून खिडकीत उमटलं, वेळ संपली. सर्व्हरने सरळ नकार दिला असता, तर तो जागेवर आहे एवढं तरी कळलं असतं. हा नुसताच गप्प, म्हणजे वाटेतच काहीतरी अडलंय, हे तिने ताडलं आणि नेटवर्कवाल्यांना फोन लावला. तेवढ्यात विभागाच्या नव्या साहेबांनी सर्व्हरचा कुठलासा जुना पत्ता शोधून टाकला, आणि कनेक्शन चटकन लागलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. पेशंटच्या पानावर लिहिलं होतं, औषधांची ॲलर्जी नाही. साहेबांनी वर कळवायला फोन उचलला.

"साहेब, ठेवा तो. आधी त्याला शेवटची नोंद विचारा."

"वर डॉक्टर खोळंबलेत, बाई."

"म्हणूनच विचारा."

उत्तर आलं ते चार महिन्यांपूर्वीचं. सर्व्हर बदलला तेव्हा बंद करायची राहून गेलेली ती जुनी प्रत होती. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

त्यांना बोल लावायला तिला वेळ नव्हता. डॉक्टरांकडे तिने दहा मिनिटं मागितली आणि नेटवर्कवाल्यांच्या मागे हात धुऊन लागली. सकाळी जुने नियम साफ करताना त्यांनी फायरवॉलमधून या सर्व्हरची वाटच बंद करून टाकली होती. ती उघडल्यावर पुन्हा कमांड, पुन्हा तोच प्रश्न. शेवटची नोंद आजची, नऊ छप्पनची. मग तिने पेशंटचं पान उघडलं. भुलीच्या एका औषधाचं नाव तिथे लाल अक्षरांत होतं, पंधरा दिवसांपूर्वी लिहिलेलं.

तिने फोन केला तेव्हा वर तेच औषध सिरिंजमध्ये भरून तयार होतं.

मागाहून पोचलेल्या पेशंटच्या मुलीने डॉक्टरांचे पाय धरले म्हणे. तळघरात कोण कशाला येतंय! खरं सांगायचं तर अशा माणसांच्या जिवावरच हॉस्पिटलं चालतात, आणि त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

नऊ दिवसांनी सकाळी तिने नेहमीसारखं कनेक्शन लावून विचारलं. शेवटची नोंद त्याच पेशंट बाईंची होती: घरी सोडले, आठ चाळीस. तिने ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि साहेबांना म्हणाली, "सर्व्हर बरोबर आहे."