आखूड हातांचा राजासॉरस

भिंगारला माझ्या वडिलांचा, अण्णांचा, गणपतींचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला आणि त्यांनी तिकडे फिरकणंच सोडलं. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचे. डाव्या हाताने खाताना कुणी बघायला नको. मला त्याचा राग यायचा. वाईट वाटून घेण्यापेक्षा राग करणं मला सोपं जातं.

नगरच्या एका शाळेत मी जीवशास्त्र शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी राजासॉरसची प्रतिकृती हवी होती, ती मी मुद्दाम अण्णांच्या गळ्यात मारली. गुजरातेत सापडलेला हा मांसाहारी डायनोसॉर, कपाळावर बुटकं शिंग. अण्णा कुरकुरले, पण शाडू मी मळून दिला आणि डाव्या हाताने हळूहळू काम सुरू झालं. शेपूट, मांड्या, जबडा, सगळं झकास उतरलं. हात मात्र चांगले लांब केले, बोटं गणपतीसारखी निमुळती.

"अण्णा, हे चुकलं. हात अगदी आखूड पाहिजेत."

"किती?"

मी चित्र दाखवलं. जरासा दंड, कोपरापुढे जवळजवळ काहीच नाही, मनगट ताठ.

"व्यंग असलेली मूर्ती आजवर माझ्या कारखान्यातून भाईर गेली न्हाई. त्याच्या हाताची हाडं बघितलीस तू?"

इथे मी अडकले. राजासॉरसच्या हाताची हाडं मिळालेली नाहीत. त्याच्या भाऊबंदांवरून अंदाज बांधलेला आहे. तसं सांगितल्यावर अण्णा खूश.

"मग लांबच हुते म्हन की!"

माझं डोकं सटकलं. "हातावाचून त्याचं काही अडत नव्हतं, अण्णा! जबड्यात धरायचं, मान झटकायची, लचका तोडायचा. नुसत्या तोंडाने खायचा तो!"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता.

अण्णांनी डावा अंगठा त्या जबड्यावरून फिरवला. मग खरोखर माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, "समद्यांम्होरं खायचा?"

याचा पुरावा कुठल्याही हाडात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "समद्यांम्होरं."

माती कापायची तार दोन्ही हातांनी ताणून धरावी लागते. अण्णांनी तिचं एक टोक डाव्या मुठीला गुंडाळलं आणि तार राजासॉरसच्या लांब हातावर टेकवली.

"दुसरं तू धर," ते म्हणाले.