उजवा-डावा नसलेला कौल

आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली, तेव्हा मी पहिल्यांदा साबण लावायचा हात बदलला. तो हात तिकडे जाऊच नये म्हणून. तीन आठवडे तसेच काढले. घरात कोणाला सांगितलं नाही. माझ्या आईला अशीच गाठ होती. तिला शहरात नेऊन गाठ कापली आणि चार महिन्यांत आई गेली. कापल्यामुळे गेली की कापायला उशीर झाला म्हणून गेली, हे तेव्हा आमच्या घरात कोणी विचारलं नाही. कापलं की माणूस जातं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मुलगा आणि सून मोठ्या हुद्द्यांवर आहेत, पण एकदा भीती मनात बसली की शिकलेली माणसं जवळ असून काही उपयोग होत नाही.

आम्ही परदेशात, हौगांग नावाच्या वस्तीत राहतो. बाजारात जाताना वाटेत एक चिनी देऊळ लागतं. आत क्वान यिन नावाची देवी आहे, चेहरा शांत. येताजाता मी बाहेरूनच हात जोडायची. तिथे माणसं गुडघे टेकून बांबूचं एक नळकांडं हलवतात. त्यात काड्या असतात. एक काडी बाहेर पडते, तिच्यावर आकडा असतो, त्या आकड्याची चिठ्ठी खणातून काढून देतात. चिठ्ठीत देवीचं उत्तर. हे मला नवं नव्हतं. आमच्या कोकणात गावच्या देवीला कौल लावतात. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. फरक एकच. आमच्याकडे गुरव तुमचं गाऱ्हाणं सगळ्या गावासमोर मोठ्याने घालतो. इथे मनातल्या मनात विचारायचं. खरं सांगते, मी त्या देवीकडे गेले ती त्याचसाठी. माझी गाठ कोणाला ऐकू जायला नको होती.

गुडघे टेकले आणि माझ्या सवयीने विचारलं, “कापू की राहू दे? कापायचं तर उजवा दे, राहू द्यायचं तर डावा दे.” काडी पडली. खणाजवळच्या माणसाने चिठ्ठी दिली, वरची ओळ वाचली आणि अंगठा वर केला. “व्हेरी गुड, आंटी! नंबर वन गुड!” मी इतकी खूश झाले की भाजी न घेताच घरी निघाले. लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं, चांगलं म्हणजे काय चांगलं? कापणं चांगलं की राहू देणं? मी दोन्ही विचारलं होतं. काडीला कुठे उजवीडावी बाजू असते?

संध्याकाळी नातीला चिठ्ठी दाखवली. बाजारात सापडली, असं खोटं सांगितलं. तिने चिनीचं इंग्रजी करून दाखवणारा फोन त्यावर धरला आणि हसत सुटली. “आजी, युअर लॉस्ट काऊ विल कम बॅक! यू हॅव काऊ, मेह?” इथली पोरं बोलताना शेवटी असं मेह, लाह लावतात. मग वाचत गेली, एकेका विषयाची एकेक ओळ. कोर्टात जिंकाल. घर बदललं तर बरं. बाळंतीण सुखरूप. मी विचारलं, “आजाराचं काय लिहिलंय?” ती म्हणाली, “गुड पर्सन, मीट. देन ओके. दॅट्स ऑल, लाह.” माझ्याकडे बघून म्हणाली, “व्हाय, आजी? यू सिक?” मी म्हटलं, “मला काय धाड भरलीये? गप जेव.”

पुढचे चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी वाटायचं, देवी म्हणते चांगलं आहे, म्हणजे गाठ साधीच असणार. दुपारी वाटायचं, साधीच असती तर हे चांगलं माणूस कशाला भेटवते? एकदा भातात मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही. सून म्हणाली, “आई, बरं नाही का?” मी म्हटलं, “तुमच्या इथलं मीठच अळणी.” मीठ कुठे अळणी असतं?

पाचव्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत देवळात गेले. बाहेरच्या बाकावर माझ्याच वयाची एक चिनी बाई संत्रं सोलत बसली होती. मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून सगळी वाचली आणि विचारलं, “यू आस्क व्हॉट?” मी म्हटलं, “नथिंग.” ती म्हणाली, “आस्क नथिंग, हाऊ कॅन आन्सर?” आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. घाई नाही, काही नाही. बसून राहिली.

मला काय झालं सांगता येत नाही. माझ्या इंग्रजीत तेवढे शब्दच नव्हते, म्हणून मी मराठीतच सुरू केलं. गुरव घालतो तसं, मोठ्याने. अमक्या गावची, अमक्याची लेक, समुद्र ओलांडून लेकाकडे आलेली, आईला जे झालं तेच मला झालंय, मला मरायची भीती वाटते. बोलताना हात आपोआप छातीवर गेला. तिला एक शब्द कळला नसेल, पण हात कळला. ती मान हलवत म्हणत होती, “ओके, ओके.” मग चिठ्ठीच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “डॉक्टर. टुडे.” मी विचारलं, “दिस गुड पर्सन, हू?” ती म्हणाली, “आय डोन्ट नो. मे बी डॉक्टर. मे बी मी!” आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली. मी तिथूनच सुनेला फोन केला. ती टॅक्सीने येईपर्यंत ही बाई उठली नाही.

गाठ कॅन्सरचीच निघाली. लहान होती. कापली. त्याला आठ महिने झाले, मी आहे. चांगली काडी पडली आणि कॅन्सर निघाला, हा हिशेब मला अजून लागत नाही. काडी दुसरी पडली असती तर मी घाबरून लवकर डॉक्टरकडे गेले असते की घरीच बसले असते, तेही माहीत नाही. बरी झाल्यावर संत्री घेऊन देवीला भेटून आले. ती बाई परत दिसली नाही. खणाजवळच्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, इथे संत्री सोलणाऱ्या पुष्कळ आहेत.

आता मी देवीपुढे उजवं-डावं मागत नाही. जे आहे ते मोठ्याने सांगते आणि गप्प बसते. आमच्या गावात गुरवाचं गाऱ्हाणं झालं की जमलेली माणसं एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात, तेव्हाच ते देवीला पोचतं असं मानतात. मला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा कानात तेच घुमत होतं. फक्त आवाज गावाचा नव्हता. त्या बाईचा होता. ओके, ओके.