निसार मिस्तरीचं टाकं

आमचं सावळवेढे गाव नकाशात शोधायचं तर सटाण्याच्या पुढे डोळे बारीक करून बघावं लागतं. एक विडी ओढून होईपर्यंत बाजारपेठ संपते. डोक्यावर मात्र सावळगड उभा आहे आणि त्याच्यामुळे आम्ही उगाचच ताठ मानेनं चालतो. एके काळी सुरतेकडून दख्खनेत जाणारा माल आमच्या घाटातून जायचा, त्यावर नजर ठेवायला हा गड. माल गेला, नजर ठेवणारेही गेले. आता शनिवार-रविवारी नाशिकचे ट्रेकर येतात आणि पायथ्याच्या पाटीसमोर अर्धा तास फोटो काढतात.

इथल्या शाळेत मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. गड कोणी जिंकला, कोणी हरला हे सगळं मुलांकडून पाठ करून घेतलं. पण बांधणाऱ्या एकाही गवंड्याचं नाव मला पुस्तकात सापडलं नाही, हा माझा जुना राग आहे. म्हणून एकाचं तरी लिहून ठेवतो. निसार मिस्तरी, माझ्याच वर्गातला, गणितात माझ्यापेक्षा हुशार आणि हट्टीपणात सगळ्या तालुक्यापेक्षा.

गडाच्या माथ्यावर देवीच्या देवळाशेजारी पाण्याचं मोठं टाकं आहे. तीन बाजूंना कातळ आणि चौथ्या बाजूला, दरीकडे, बांधलेली भिंत. आतून चुन्याचा गिलावा. तो राखायचं काम निसारच्या घराण्याकडे, किती पिढ्यांपासून ते कोणालाच ठाऊक नाही. आणि त्याला जोडून एक रीत. चैत्र पौर्णिमेच्या जत्रेला टाक्याचं पहिलं पाणी मिस्तरीनं प्यायचं, सगळ्यांसमोर, पितळी पेल्यानं. मग देवीचा अभिषेक, मग बाकीचे. ज्यानं टाकं राखलं त्यानं आधी पिऊन दाखवायचं, आजच्या भाषेत गॅरंटी. निसारचे वडील करीम मिस्तरी पेला रिकामा करून उलटा धरायचे आणि मगच ढोल वाजायचा.

सत्त्याण्णव साली गिलाव्याला केसाएवढ्या चिरा दिसल्या. निसार तेव्हा तेहेतीस वर्षांचा, नाशिकला इंदिरानगरात इमारतींवर काम करून नुकताच परतलेला, अंगात सिमेंटची मस्ती. वडील म्हणाले, खड्ड्यात चुना मुरतोय, तीन महिने थांब. हा म्हणाला, तीन दिवसांत करतो. आणि नुसत्या चिरा भरायच्या सोडून त्यानं पणज्याच्या हातचा सगळा गिलावा घणानं फोडून काढला. करीम मिस्तरी काठावर बसून बघत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाणी सांगेल."

पाण्यानं सांगितलं. पावसाळ्यात टाकं भरलं, पण आमच्याकडचं ऊन कातळाला रोज तापवतं आणि रात्रीचा वारा गार करतो. त्या ओढाताणीत सिमेंटचा थर भिंतीपासून सुटला. पुढच्या चैत्रात अख्खं गाव माथ्यावर जमलं तेव्हा टाक्यात पालापाचोळा आणि एक मेलेला सरडा होता. निसार पितळी पेला हातात घेऊन उभा राहिला. भरायला काही नव्हतं. मी तिथे होतो आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही. त्यानं पेला देवळाच्या पायरीवर ठेवला, गड उतरला, तो सव्वीस वर्षं पुन्हा चढला नाही. करीम मिस्तरी दोन वर्षांनी गेले, त्यांच्याबरोबर चुन्याची विद्याही गेली असं आम्ही धरून चाललो.

तेव्हापासून माथ्यावर जे पाणी पोचलं ते कुसाबाईच्या डोक्यावरून. देवळाजवळ तिचं चहा-पिठल्याचं खोपटं आहे. रोज सकाळी एक हंडा डोक्यावर, एक कडेवर, साडेतीनशे पायऱ्या आणि त्याच्या वर नुसती घसरण. पाणी नाही म्हणून ट्रेकर मुक्कामाला थांबेनात. निसार रोज तिला गावातून जाताना बघायचा आणि मान खाली घालायचा.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत नाशिकची अपूर्वा नावाची आर्किटेक्ट मुलगी गडावर आली. टाक्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढा जुना गिलावा अजून चिकटून होता, घणातून वाचलेला. हे कोणाचं काम, असं ती विचारत विचारत माझ्याकडे पोचली. मी तिला निसारकडे नेलं. तो कोणाच्या तरी कुंपणाची भिंत रचत होता. "मी नाय येणार," तो वर न बघता म्हणाला. "ते टाकं मीच फोडलंय." पोरीनं वाद घातला नाही. टाक्यात पडलेला जुन्या गिलाव्याचा तुकडा तिनं आणला होता, तो विटांवर ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निसार माझ्या दारात. "मास्तर, चला गडावर." साठीच्या उंबरठ्यावरचे आम्ही दोघं दहा ठिकाणी बसत वर गेलो. त्यानं त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि रडला. मग नाक पुसून म्हणाला, भिंत चांगली आहे, नुसतं अंगावरचं गेलंय.

परवानगीचा कागद अपूर्वानं आणला. चुना मळायची दगडी घाणी निसारच्या परसात होती, पण तिच्या गोल चरात त्याच्या बायकोनं, जहिदाभाभींनी, कोथिंबीर लावलेली आणि चाकावर त्या कपडे धुवायच्या. कोथिंबीर उपटली, कुसाबाईनं आपला बैल दिला. कळीचा चुना भिजवून तीन महिने मुरवला. या वेळी तीन महिने थांबायला निसारनं कां कूं केलं नाही.

खरी पंचाईत पुढे. मळलेल्या चुन्याचा लाडू करून रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी शाबूत राहिला तर चुना पास, ही त्याच्या घरची परीक्षा. पहिला लाडू विरघळला. वाळू कमी करून दुसरा केला, तोही. पावसाला पाच आठवडे उरले होते. या वर्षी हुकलं तर गावासमोर पुन्हा तेच तोंड न्यायचं. निसारनं थापी फेकली आणि दोन दिवस घाणीकडे फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी जहिदाभाभी माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "अब्बांचं पाणी वास मारायचं. तुमचं नाय मारत."

बाईंनी इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं. हिरडा आणि गूळ भिजवून ते पाणी चुन्यात घालायचं, हे निसारला माहीत होतं. पण मिस्तरीच्या घरी ते पाणी बायका करायच्या, आणि नवी सून म्हणून आल्यापासून ते जहिदाभाभींच्या वाट्याला आलं होतं. नऊ दिवस आंबवायचं, शेजारपाजारचे भांडायला येईपर्यंत. निसार ताजंच पाणी ओतत होता. बाप काय करतो हे त्यानं थोडंफार पाहिलं होतं, बायको काय करते ते कधीच नाही. मी हसलो तर माझ्यावर खेकसला.

नऊ दिवसांनी सगळी गल्ली नाकाला पदर लावून बसली. तिसरा लाडू सकाळी पाण्यातून काढला, निसारनं तो अंगणात आपटला. दणकन वाजला.

मग जी धांदल उडाली ती सांगता सोय नाही. अपूर्वानं रविवारी पन्नास-साठ जण आणले. महागडे बूट घालून पोरंपोरी चुन्याचे डबे डोक्यावर घेऊन चढली, आणि कुसाबाई रिकाम्या हातानं मागून चालत कोणाचा डबा तिरका होतो ते ओरडून सांगू लागली. निसारनं तीन थर दिले. प्रत्येक थर लाकडी थापीनं बडवायचा, आवाज बद्द यायचा थांबून टणटणीत होईपर्यंत. शेवटच्या थरावर ओली पोती टाकली आणि चार दिवसांत आभाळ आलं.

टाकं भरलं. पण भरणं म्हणजे काहीच नाही, ते सिमेंटचंही भरलं होतं. निसारनं भिंतीवर कोळशानं रेघ मारली आणि दर शुक्रवारी नमाजनंतर गड चढून बघू लागला. दिवाळी झाली, संक्रांत झाली. टिकलं का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, चैत्रात विचारा. फाल्गुनात ऊन तापलं तसा तो जेवेना. पाणी रेघेखाली दोन हात गेलं, मग उन्हानं जाईल तेवढंच जात राहिलं.

चैत्र पौर्णिमेला मी माथ्यावर पोचलो तेव्हा काठावर माणसांना उभं राहायला जागा नव्हती. खाली पुरुषभर खोल निवळशंख पाणी होतं, तळाचा पांढरा गिलावा दिसत होता. देवळाच्या पुजाऱ्यांनी तोच पितळी पेला चिंचेनं घासून ठेवलेला. निसारनं पेला भरला. त्यानं तो तोंडाकडे नेला, थांबला, आणि मागे वळून जहिदाभाभींना दिला. जन्मात पहिल्यांदाच त्या गड चढल्या होत्या, धापा टाकत होत्या. "घे," तो म्हणाला. "पहिलं तुझं."

त्या सगळा पेला प्यायल्या आणि सासऱ्यासारखाच उलटा धरला. ढोल असा वाजला की माझे कान अजून बसलेत. म्हातारा मी, नाचलो. शिकवलेले विद्यार्थी बघत होते, बघू देत.

दुपारी जत्रा पांगू लागली तेव्हा कुसाबाई टाक्यावर आली. सकाळी ती पहिल्यांदाच रिकामा हंडा घेऊन चढली होती. तिनं तो काठोकाठ भरला, निसारनं उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

"मिस्तरी," ती म्हणाली, "औंदा मी पानी खाले लई जासू."

आणि वरचं पाणी घेऊन ती खाली गावाकडे उतरू लागली. साडेतीनशे पायऱ्यांवरची जत्रेची सगळी गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि तिला वाट देत उभी राहिली. निसार काठावर उभा राहून ती गावात पोचेपर्यंत बघत होता, मान वर करून.