दोन कुलपांचं तळं: पालघर-बोईसरचे तीन दिवस

सिन्नरला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं एक तळं आहे. तळं कसलं, बिल्डरने खणून सोडलेला खड्डा. सगळ्या गटारींचं पाणी त्यात येतं आणि बुडाच्या पाइपातून पलीकडच्या ओढ्याला जातं. डास, प्लास्टिक, उन्हाळ्यात वास. यंदा ठरलं, की घटस्थापनेला भूमिपूजन करून तळं बुजवायचं आणि त्या जागी दत्तमंदिराचा सभामंडप बांधायचा. मंदिराच्या दानपेटीला दोन कुलपं आहेत. एक चावी मंडळाच्या अध्यक्षांकडे, वाघचौऱ्यांकडे, आणि दुसरी माझ्याकडे. त्यामुळे मंडपाला माझा होकार सगळ्यांनी गृहीतच धरला होता. मीही धरला होता.

मग बोईसरहून माझ्या साडूंचा, प्रकाशरावांचा फोन आला. "साडूभाऊ, आमचंही तळं असंच होतं. आम्ही ते सुधारलं. एकदा येऊन बघा, मग खुशाल बुजवा आणि पहिल्या आरतीला मला बोलवा."

पितृपक्षाचे शेवटचे दिवस होते. पिठाची गिरणी तीन दिवस बंद ठेवली. बायको म्हणाली, "लोक तिकडे समुद्र बघायला जातात, तुम्ही तळं बघायला चाललात."

"समुद्रही बघतो," म्हटलं आणि निघालो.

पहिला दिवस

नाशिकहून सकाळची एसटी धरली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर आणि पालघर असा हा रस्ता. घाटातल्या वळणांआधी भरपेट खाऊ नका. मी मिसळ खाल्ली होती आणि जव्हारपर्यंत मनातल्या मनात नामस्मरण करत बसलो. पावसाने रस्त्याला खड्डे पडलेत, त्यामुळे वेळ हातात ठेवूनच निघा. पण दोन्ही बाजूंना उतारावर हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात पिवळं झालेलं दिसतं, कुठे कापणीही सुरू झालेली. तेवढ्यासाठी खिडकी सोडू नका.

विक्रमगडला दोन बाया विळे फडक्यात गुंडाळून चढल्या. एक कंडक्टरला म्हणाली, "दादा, हत्तीचा पाऊस कवा यायचा? भात कापून टाकलाय."

"मावशे, पावसाचं तिकीट मी फाडत नाय," कंडक्टर म्हणाला. गाडी हसली. हस्त नक्षत्र तोंडावर आलेलं, ती बाई हसली नाही. खिडकीतून आभाळाकडे बघत राहिली.

पालघरला स्टेशनजवळ वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी जेवलो. साधी खानावळ, पण गरम आणि पोटभर. तिथून सहा आसनी रिक्षा शिरगावला जातात. तिथल्या जुन्या किल्ल्याचा तट समुद्राला लागूनच आहे. आत फांद्या फुटलेला ताड आहे, असा मी जन्मात पाहिला नव्हता. तटावर वारा खात बसलो. खाली किनाऱ्यावर एक ओहोळ येऊन समुद्राला मिळतो. त्याच्या मुखाशी बाटल्या, थर्माकोल आणि कुणाच्या तरी पूजेचे वाळके हार साचले होते. हे कुठून आलं असेल, असं मनात आलं, आणि लगेच गेलंही. संध्याकाळी एसटीने बोईसर गाठलं.

दुसरा दिवस

सकाळी अंघोळ, पोथीचं एक पान आणि मेहुणीच्या हातची घावनं एवढं उरकून प्रकाशरावांबरोबर तळ्यावर गेलो.

पहिल्या नजरेत काही विशेष वाटत नाही. तळ्याकाठी वाळा आणि लव्हाळा लावलेला. गटारीचं पाणी आधी एका लहान खड्ड्यात थांबतं, तिथे गाळ आणि कचरा खाली बसतो, मग ते मोठ्या तळ्यात उतरतं. पूर्वी बुडाच्या पाइपातून सगळं पाणी एका लोंढ्यात खालच्या ओहोळात जायचं. काठ ढासळायचे, खालच्या पाड्याची विहीर गढूळ व्हायची. आता तळ्याच्या भिंतीत मुठीएवढं भोक ठेवलंय, त्यातून पाणी सावकाश जात राहतं. फारच पाऊस झाला, तर तळं रिकामं करायला लोखंडी दार आहे.

त्या दाराला दोन कुलपं होती.

"एक चावी माझ्याकडे," प्रकाशराव म्हणाले. "दुसरी खाली पाड्यावर हिराबायकडे. दोन्ही चाव्या आल्याशिवाय दार उघडायचं नाही. पहिल्या वर्षी आमच्या पोरांनी न सांगता उघडलं, तर खाली त्यांची कोंबड्यांची खुराडी वाहून गेली. त्यांचे लोक चालून आले. मग हा तोडगा."

"दानपेटीसारखा," मी म्हणालो.

"आणि एक चूक राहिलीय. जास्तीचं पाणी वरून वाहून जायला सांडवा केलाय, तो वीतभर उंच झाला. त्यावरून पाणी जायच्या आत आमच्या खालच्या बिल्डिंगची पायरी भिजते. उन्हाळ्यात तो उतरवून घेणार आहोत."

खरं सांगतो, मला ही चूक ऐकून बरं वाटलं. सुधारलेलं तळंही फसतं, हे वाघचौऱ्यांना सांगता येणार होतं.

ओहोळाच्या काठाने खाली पाड्यापर्यंत पायवाट आहे. चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चपला नकोत, बूट घाला. हिराबाय साठीच्या पुढची बाई. तिने कोरा चहा दिला. चावी गळ्यातल्या मण्यांच्या माळेत काळ्या दोऱ्याने ओवलेली. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "मंगळसूत्रापरीस याच्यावरच सगल्यांची नजर."

तिचं भात ओहोळाच्या काठालाच होतं. आदल्या दिवशी कापून वाळायला पसरलेलं. वर्षभराचं खाणं तेवढंच, असं प्रकाशराव वाटेत म्हणाले.

दुपारी जेवून आडवे झालो, तोवर अंधारून आलं. असा पाऊस आमच्याकडे पडत नाही. पत्र्यावर कुणीतरी खडी ओततंय असा आवाज. थोड्या वेळात तळं काठाला आलं. मुठीएवढ्या भोकातून किती जाणार? खालच्या बिल्डिंगच्या दारात दुबेजी उभे होते. कारखान्यात फिटर आहेत. आई आजारी, तळमजल्यावर खाटेला खिळलेली.

"प्रकाशभाई, खोलो गेट! पहली सीढ़ी डूब गई!"

"हिराबायचा फोन लागत नाहीये. चावी तिच्याकडे आहे."

"चाबी की क्या ज़रूरत? हथौड़ा है मेरे पास."

"दुबेजी, नीचे उसका धान पड़ा है खेत में. मैं चाबी लेके आता हूँ. तब तक माँ को ऊपर ले लो."

"और सामान? पलंग, मशीन, सब?" दुबेजी माझ्याकडे वळले. "आप तो बाहर के हैं, आप ही बताइए."

दोन्ही बाजू मला खऱ्या वाटत होत्या. प्रकाशराव निघाले आणि मी त्यांच्या मागे निघालो. मागे वळून पाहिलं, तर दुबेजी हातोडा घेऊन तळ्याच्या दाराकडे चालले होते.

पायवाटेवर पाणी, चिखल, दोनदा घसरलो. खाली शेतात हिराबाय आणि तिची सून डोक्यावर प्लास्टिक बांधून भाताचे भारे उचलत होत्या. शेत उतरतं होतं. वरच्या बांधावरचं भात उचलून झालं होतं, ओहोळाकडचं तसंच होतं.

"हिराबाय, चावी!"

"भात उचलल्याबिगर चावी नाय."

"वर लोकांच्या घरात पाणी शिरतंय!"

"मंग हात लावा ना! उबे काय राहिलाव?"

आम्ही हात लावला. मी खेड्यातला, भारा बांधायला शिकवावा लागत नाही. पण ओल्या भाताचं वजन मी विसरलो होतो. पाठीवरून पाणी गळत होतं. ओहोळात एक काळा दगड होता. प्रकाशराव म्हणाले, "त्या दगडावर लक्ष ठेवा. तो एकदम बुडाला, तर समजा वर कुलूप फुटलं. मग भारा टाकायचा आणि वर पळायचं."

मी प्रत्येक खेपेला दगडाकडे बघत होतो. तोंडात नाम होतं, पण लक्ष दगडावर होतं. प्रकाशरावांचा फोन वाजला, दुबेजींचा. "दूसरी सीढ़ी," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

पाणी चढलं. दगडाची फक्त टाळू दिसायला लागली. सून ओरडली, "फोडला! आत्ये, कुलूप फोडला त्यांनी!" हिराबाय जागच्या जागी थांबली. डोक्यावर भारा, आणि नजर ओहोळावर. मीही दगडाकडेच बघत थांबलो. पाणी तिथेच राहिलं. मग हिराबाय म्हणाली, "नाय. बाजूचा नाला भरून आलाय. फोडला असता त आपन इथं उबे नसताव. चला."

शेवटचे चार भारे बांधावर पोचले आणि ती हात न पुसता वाटेला लागली. चावी काढून आमच्याकडे दिली नाही. स्वतः आली.

वर दारापाशी दुबेजी गुडघाभर पाण्यात उभे होते. आईला शेजाऱ्यांनी पहिल्या मजल्यावर नेलं होतं. दोन्ही चाव्या लागल्या, दार उचललं, आणि पाण्याचा आवाज बदलला. तेव्हा मला दिसलं, हिराबायच्या कुलपावर एक ताजा घाव होता. एकच.

"चाची, बहुत देर कर दी," दुबेजी म्हणाले.

"तुजी आई खाटेवर हाय. माजा भात भुईवर होता."

दुबेजींनी कुलपाकडे बघितलं. "एक मारा था. फिर लगा, नीचे आप लोग होंगे."

हिराबायने ते कुलूप हातात घेऊन उघडझाप करून पाहिलं. "चालतो," म्हणाली.

रात्री मेहुणीने सगळ्यांसाठी खिचडी टाकली. पायऱ्यांवर चिखल राहिला होता, दुबेजींचं शिलाई मशीन भिजलं होतं. पोटभर जेवूनही मला कितीतरी वेळ तो दगडच दिसत होता.

तिसरा दिवस, आणि घरी

सकाळची एसटी, तोच रस्ता. वाटेत चिकू घेतले. तुम्ही गेलात तर शिरगाव बघाच, सवड असेल तर एडवणचा किनाराही. आणि तळं बघायचं तर कॉलनीत कुणाला तरी विचारून आत जा. माणसं चांगली आहेत, पण त्यांचं तळं म्हणजे काही बाग नाही.

सिन्नरला उतरून मी घरी न जाता आधी आमच्या ओढ्याने खाली चालत गेलो. इतकी वर्षं राहतोय, पण आमचं पाणी जातं कुठे ते पाहिलं नव्हतं. अर्ध्या कोसावर टोमॅटोचा एक मळा लागला. काठाची बरीच जमीन तुटून गेलेली. मालक दौलतराव बांधावर वाकून काहीतरी वेचत होते.

"कॉलनीचे का तुम्ही? म्हंजे तुमचंच पानी व्हय हे," ते म्हणाले. रागाने नाही. ओळख पटल्यासारखं.

सर्वपित्रीच्या संध्याकाळच्या बैठकीला मी त्यांना घेऊन गेलो. ते मंदिराच्या दारात चपलांपाशीच बसले. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, सांडव्याची चूकसुद्धा. वाघचौरे म्हणाले, "म्हणजे आता तळ्यालाही दानपेटी करायची का?" सगळे हसले.

"हो," मी म्हणालो.

हसू थांबल्यावर दौलतरावांनी दारातूनच विचारलं, "दुसरी चावी खरंच मला देनार? का नुसतं बोलायचं?"

मी "देणार" म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. वाघचौरे म्हणाले, "भूमिपूजन दसऱ्यापर्यंत थांबवू. तेव्हा बघू." तेवढंच ठरलं. मंडप रद्द झाला नाही, तळं वाचलं असंही नाही.

निघताना मी दौलतरावांकडे मंदिराच्या घटासाठी शेतातली माती मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते घमेलं भरून काळी माती घेऊन आले. बायको ओट्यावर चाळायला बसली आणि तिने मला हाक मारली. माती खाली पडत होती, आणि चाळणीत शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशवीचे कोपरे, एक तुटकी राखी राहिली होती.

घट बसला. त्याच मातीत धान पेरलं, आज कोंब वर आलेत. चाळणीत उरलेलं मी फेकून दिलेलं नाही. धुऊन, वाळवून गिरणीत एका डब्यात ठेवलंय. दसऱ्याच्या बैठकीला घेऊन जाणार आहे.