बिबिजानचा मायक्रोस्कोप

जुन्नरच्या महंमद हनीफचा धंदा विहिरी खोदायचा. त्याची बायको बिबिजान मात्र विहिरीतून निघालेल्या दगडांवर जीव टाकायची. काळा दगड फुटला की आतल्या पोकळीत कधीकधी केसाएवढे बारीक स्फटिक चमकतात. लोक ते तुडवून जातात; बिबिजान चिमट्याने उचलून बांगड्यांच्या डब्यात कापसावर निजवायची. पण आता पन्नाशी उलटली, भिंगातून डोळे ताणले तरी नीट दिसेना. मुंब्र्याला दिलेल्या लेकीला, अलिझाला, मोबाइलवर फोटो पाठवला तर तिने विचारलं, "अम्मी, ही साखर सांडलीय का?" त्याच दिवशी बिबिजानने ठरवलं, मायक्रोस्कोप घ्यायचाच.

अवसरी बुद्रुकला हनीफचं काम चालू होतं. त्या फेरीत दोघं मंचरला थांबली. तिथे शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारं प्रज्ञाताईंचं दुकान.

"लई पावरचा कुठला?" हनीफने ट्रॅक्टर घ्यायला आल्यासारखं विचारलं.

"हा हजारपट मोठं दाखवतो."

"झालं तर मग, हाच बांधा!"

बिबिजानही भुलली होती. पण डबा बरोबर आणलाच होता, तर बघून घेऊ म्हणून तिने एक खडा त्याखाली ठेवला. आत नुसता अंधार! हनीफने चाक फिरवलं, तशी भिंगाची नळी खड्यावर कट्‌कन आपटली.

"अहो, थांबा! फुटंल ना माझा खडा!"

"चूक माझी," प्रज्ञाताई म्हणाल्या. "काय बघायचंय ते आधी विचारायला हवं होतं. हा कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ वस्तूंसाठी. याचा उजेड खालून येतो, दगडातून तो कसा पार होणार? तुम्हाला हा दुसरा बघा. दोन्ही डोळ्यांनी बघायचं, उजेड वरून, आणि खाली दगड ठेवायला ऐसपैस जागा."

"किती पट?"

"चाळीस."

"हजारावरनं एकदम चाळिसावर?" हनीफचा चेहरा पडला.

बिबिजानने डोळे लावले. पांढऱ्याशुभ्र सुया पोकळीतून उभ्या राहिल्या होत्या, हात घालून मोडाव्यात अशा. "या अल्ला!" एवढंच ती म्हणाली. मग मोबाइल भिंगाला लावून फोटो काढू गेली, तर तो हलून सगळं पुसट. म्हणून कॅमेऱ्यासाठी वर तिसरी नळी असलेलाच मायक्रोस्कोप तिने कॅमेऱ्यासकट घेतला.

घरी पहिल्या फोटोत सुयांची नुसती टोकं स्पष्ट, बाकी धुकं. प्रज्ञाताईंनी फोनवर युक्ती सांगितली: चाक जरा जरा फिरवत बरेच फोटो काढा, कॉम्प्युटर ते जोडून एक करतो. मग हनीफ चाकावर बसला, बिबिजान बटणावर. "जरा खाली... अहो, जरा म्हटलं मी!" दोनदा भांडण झालं, एकदा चहा झाला आणि फोटो जमला.

शेजारच्या साळुबाईने कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो पाहून विचारलं, "एवढ्या बारीक शेवया कुठनं आणल्या गं?"

"विहिरीतनं!" बिबिजानच्या आधी हनीफच छाती फुगवून म्हणाला.