उकडलेल्या अंड्यातला केस

जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरकून घ्या, मग पुढचं वाचा. गंमत करत नाहीये.

मी विज्ञानाची शिक्षिका. नजर लागणं, बाहेरचं होणं, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मला हसू फुटायचं. ‘फुटायचं’ म्हणतेय, कारण आता फुटत नाही.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका निवासी शाळेत उन्हाळी सुट्टीत मुलांचं शिबिर भरायचं. शिबिराचं नाव मुद्दाम सांगत नाही. पाचवी-सहावीची मुलं, आणि त्यांना सांभाळायला दहावीची परीक्षा दिलेली काही मुलं-मुली. यांना सगळे ‘ताई’ आणि ‘दादा’ म्हणत. गटाला उठवायचं, भांडणं मिटवायची, घरची आठवण येऊन कुणी रडलं तर त्याला जवळ घ्यायचं. पुढे याच मुलांनी शिबिरं चालवावीत म्हणून हे लीडरशिप ट्रेनिंग. ते माझ्याकडे होतं.

त्यांत वडनेर भोलजीची प्रणाली होती. वडिलांची पिठाची गिरणी. उन्हाळ्यामुळे केस मुलासारखे बारीक कापलेले. बोलायची कमी, पण तिच्या गटातल्या पोरी तिला सोडायच्याच नाहीत. मला विचाराल तर सगळ्यांत तयार मुलगी तीच.

एका दुपारी ती जेवता जेवता उठून माझ्याकडे आली. हाताची मूठ वळलेली. मूठ उघडली तर आत वरणाने माखलेला एक पांढरा, लांबलचक केस.

“मॅडम, माह्या घासात निंगाला.”

स्वयंपाकात केस निघतो, त्यात काय मोठं? मी तिला दुसरं ताट वाढायला लावलं. दुसऱ्या घासालाच ती थांबली. दोन बोटं तोंडात घातली आणि ओढायला लागली... तो केस येतच राहिला. घशातून येत होता. तिचे डोळे पाण्याने भरले होते, पण आवाज नाही केला. पलीकडे तिच्या गटातल्या पोरी जेवत होत्या ना!

मग प्रत्येक जेवणात तेच. भातात, पोळीच्या पदरात, एकदा तर न सोललेल्या केळ्याच्या गरात. फक्त तिच्या. बाकी कुणाच्याच ताटात काही नाही. स्वयंपाक करणाऱ्या दोघी डोक्याला फडकं बांधून काम करायच्या, आणि दोघींचे केस काळेभोर. एवढे लांब पांढरे केस शिबिरात कुणाचेच नव्हते. प्रणालीने खाणंच सोडलं. पाणी आणि ग्लुकोज. तशाच उपाशीपोटी ती पोरींना वाढायची.

“तू घरी जातेस का?” मी विचारलं.

“मले उपाशी राहणं चालते, मॅडम. पण मी गेल्यावर ह्या पोरीयच्या ताटात निंगाला तं?”

संचालक सरांच्या कानावर गेलं. लिनेनचा शर्ट, गोड आवाज, भाषणात दर दोन वाक्यांनी ‘नेतृत्व’. ते म्हणाले, “अहो, लक्ष वेधून घ्यायची सवय असते या वयात. मी दाखवतो तुम्हाला.”

सकाळी त्यांनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. मीही गेले. ट्रेमधून एक अंडं त्यांनी स्वतः उचललं. आमच्यासमोर उकडलं, गार पाण्यात टाकलं, स्वतः सोललं. पांढरंशुभ्र, कुठे चीर नाही, भोक नाही. ती दाराशी उभी होती, हात मागे बांधून.

“आता यात कुठून येईल केस?” म्हणत त्यांनी अंडं अंगठ्यांनी फोडलं.

बलकात केसांचं वेटोळं होतं. ओलं, पांढरं, घट्ट गुंडाळलेलं. अंड्याची दोन शकलं दोन हातांत, आणि मधे ते केस ताणले गेले. वास आला... कोंदट, बऱ्याच दिवसांत न धुतलेल्या डोक्याचा. मी मोरीकडे धावले.

सरांनी अंडं बादलीत फेकलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. म्हटलं, आता तरी तिची माफी मागतील. ते म्हणाले, “उद्या पालकभेट आहे. हे बाहेर जाता कामा नये. हिच्या वडिलांना बोलवा.”

वडील दुपारी आले. कपड्यांवर पीठ तसंच. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि प्रणालीसमोरच त्याच गोड आवाजात सांगितलं, “मुलगी स्वतःच अन्नात केस टाकते. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवून घ्या.”

मी म्हटलं, “सर, अंडं तुम्ही उकडलंत. तुम्ही फोडलंत. मी तिथे होते.”

ते हसले. “मॅडमनाही ऊन लागलेलं दिसतंय.”

वडिलांनी चहा खाली ठेवला.

“सर, तुमी हे सारं सांगतलं. पण पोरगी उपाशी हाय, हे काऊन नाही सांगतलं? तिचं तोंड पाहा जरा.” मग तिच्याकडे वळून, “चाल, माय.”

पोरी फाटकापर्यंत रडत आल्या. मीही बॅग भरली आणि त्यांच्यासोबत निघाले. बसस्टँडवर वडिलांनी कचोरी घेतली. प्रणालीने ती बारीक बारीक कुस्करली, एकेक कण बोटाने बाजूला करून पाहिला. मग खाल्ली. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. काही निघालं नाही. तिने आणखी एक मागितली.

त्यानंतर कधीच काही निघालं नाही. ना तिच्या ताटात, ना, नंतर कळलं तसं, तिकडे शिबिरात. मी एक केस कागदात गुंडाळून आणला होता. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. माणसाच्या केसासारखा केस, बस्स! माझ्या विज्ञानाकडे याहून जास्त उत्तर नाही, आणि ते शोधायचंही मी सोडून दिलंय.

प्रणाली आता कॉलेजात आहे. परवा फोनवर तिला सहज विचारलं, अजून जेवताना किळस वाटते का गं?

“केसाची गेली, मॅडम,” ती म्हणाली. “त्या सरायची नाही गेली.”